खाणमातीत पेरलेला देशी बियांचा संच: वर्षभराच्या अनुभवानंतर

डिचोली तालुक्यात आमच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वरच्या अंगाला लोहखनिजाच्या खाणीचा जुना डंप आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि यंत्रे थांबली. पण एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड उपसावे लागत, त्या उपशाचे डोंगर मात्र तसेच उभे राहिले. दर पावसाळ्यात त्यांतला लाल गाळ आमच्या हद्दीत उतरतो. त्या उतारावर कधीकाळी लावलेला आकेशिया हा परदेशी वृक्ष दुरून हिरवागार दिसतो, मात्र त्याच्या सावलीत ऐन किंवा किंदळ या इथल्या रानझाडांचे एकही रोपटे मला आजवर दिसलेले नाही. म्हणूनच गेल्या वर्षी मिरगाच्या तोंडावर मी एका रोपवाटिकेकडून ‘पडीक आणि खाणग्रस्त जमिनीसाठी देशी बिया’ असा ४०० रुपयांचा संच मागवला. त्यात खैर, करंज, बिबला, ऐन आणि जांभूळ यांच्या पाच पुड्या आणि एक माहितीपत्रक होते.

पेरणी तीन ट्रेमध्ये केली. पहिल्यात परसातली माती होती, दुसऱ्यात डंपच्या पायथ्याची आणि तिसऱ्यात डंपच्याच मातीत शेणखत व जवळच्या रानातल्या झाडांखालची मूठ-दोन मूठ काळी माती मिसळलेली होती.

खैर आणि करंज यांच्या बिया उत्तम निघाल्या, हे आधी सांगायला हवे. दाणे भरलेले होते, कीड नव्हती, आणि डंपच्या मातीतही निम्म्याहून अधिक बिया वर आल्या. माझ्यासारखा नवखा माणूस एवढ्यावरच समाधान मानून मोकळा होईल. परंतु आठव्या दिवशी मी दोन्ही मातींतले खैराचे एकेक रोप अलगद उपटून पांढऱ्या कागदावर ठेवले. परसातल्या रोपाचे मूळ बोटभर लांब, सरळ आणि बारीक केसांनी भरलेले होते. डंपमधल्या रोपाचे मूळ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेही नव्हते, टोकाला तपकिरी आणि बोथट झालेले होते. वरची दोन दले मात्र दोघांचीही सारखीच हिरवी होती.

याचे कारण समजण्यासारखे आहे. कोंब फुटेपर्यंत बीज स्वतःच्या साठ्यावर जगते आणि टरफल बाहेरच्या क्षारांना, धातूंना बऱ्यापैकी अडवते. मातीशी खरी गाठ पडते ती मुळाचे टोक बाहेर आल्यावर. आमच्याकडच्या खाणमातीत लोह आणि मँगनीज भरपूर, तर सेंद्रिय कर्ब आणि नत्र नगण्य असते, आणि जो काही स्फुरद (फॉस्फरस) असतो तो लोहाच्या ऑक्साइडला घट्ट चिकटून बसतो. त्यात पाणी साचले की हवा कोंडते, लोह विरघळते आणि कोवळ्या मुळाला बाधते. करंजाची बी मोठी असल्यामुळे तिची रोपे महिनाभर टवटवीत राहिली आणि साठा संपल्यावर पाने शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडू लागली. पुडीवर छापलेली उगवणीची टक्केवारी म्हणूनच अशा जमिनीसाठी अपुरी आहे. उगवणे वेगळे आणि रुजणे वेगळे, आणि ज्याच्या दारात डंप आहे त्याला दुसऱ्या गोष्टीची हमी हवी असते.

सगळा दोष धातूंच्या माथी मारणेही बरोबर होणार नाही. पावसाच्या दोन सरींनंतर ऊन पडले की या बारीक गाळावर पापडी धरते. एका ठिकाणी ती पापडी नखाने उचलली, तेव्हा खाली बिबल्याचा कोंब मान मोडून आडवा वाढलेला सापडला. त्याला विषाने नव्हे, छपराने मारले होते. तिसऱ्या ट्रेमध्ये पापडी जवळजवळ धरलीच नाही आणि खैराच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठीही दिसल्या. रानातल्या मातीबरोबर आलेल्या जिवाणूंचे हे काम असावे, असे मला वाटते. माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नाही, आणि संचाची सर्वांत मोठी उणीव मी हीच मानतो.

जांभळाबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. जांभळाचे बी वाळले की मरते. फळ खाल्ल्यावर काही दिवसांतच ते पेरावे लागते. ते वाळवून पुडीत भरून विकणे म्हणजे ग्राहकाच्या हाती मेलेले बी देणे होय. तिन्ही ट्रेंमध्ये एकही उगवले नाही. ऐनाची उगवणही अगदी तुरळक होती, पण ऐनाची बरीच फळे मुळातच पोकळ असतात, त्यामुळे तो दोष मी रोपवाटिकेला देणार नाही. बिया कधी गोळा केल्या ती तारीख मात्र एकाही पुडीवर नव्हती. फोन केल्यावर रोपवाटिकेच्या बाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले, जांभळाचे पैसे परत केले आणि पुढच्या वेळी तारीख टाकण्याचे कबूल केले.

यंदा मी त्यांच्याकडून फक्त खैर आणि करंज मागवले आहेत आणि पुड्यांवर तारीख आहे. पेरणी थेट उतारावर न करता रानातली माती घातलेल्या पिशव्यांत केली असून, मुळे पिशवीच्या तळाला पोचल्यावरच रोपे डंपच्या पायथ्याशी हलवणार आहे. जांभळाच्या बिया शेजारच्या झाडाखालून वेचून त्याच दिवशी ओल्याच पेरल्या. त्यांतल्या बहुतेक वर आल्या आहेत.