बाळंतपण तालुक्याला की अंबाजोगाईला?

बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर, म्हणजे वजन खूपच जास्त असलेल्या गरोदर बाईला तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय जवळ पडतं, आशाताई ओळखीच्या असतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखरेची तपासणी तिथेही होते. दोन तासांनी १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. महिन्याची तपासणी तिथेच करावी. फक्त बीपीचा पट्टा मोठा मागा. दंडाला लहान पडणारा पट्टा बीपी उगाच वाढलेलं दाखवतो.

बाळंतपण मात्र अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. सिझर लागलं तर अशा बाईच्या पाठीत भुलीची सुई बसवणं अवघड जातं, रक्तस्रावाचा आणि पायात गुठळी होण्याचा धोकाही जास्त. भूलतज्ज्ञाला आठव्या महिन्यातच दाखवून ठेवा. कळा सुरू झाल्यावर १०८ ला फोन करून निघायचं, हे मला फार उशिराचं वाटतं.