‘सगळं कव्हर आहे’ असं सांगून विकलेली घराची पॉलिसी

घराचा विमा होता, हप्ता वेळेवर भरलेला होता, तरी शॉर्टसर्किटच्या आगीनंतर आमच्या हाती नुकसानीच्या निम्म्याहूनही कमी रक्कम आली. कंपनीने पॉलिसीतल्या अटींप्रमाणेच हिशेब केला. फसवलं ते पॉलिसी विकणाऱ्या एजंटने.

आम्ही त्याला स्पष्ट विचारलं होतं, घरातलं सामान धरलंय ना? "सामानासकट सगळं कव्हर आहे, निर्धास्त राहा," हे त्याचं उत्तर. अर्ज त्यानेच ऑनलाइन भरला. क्लेमच्या वेळी नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे कशाचा किती रकमेचा विमा आहे ते पान, पुढे ठेवलं, तेव्हा इमारतीच्या रकान्यात रक्कम होती आणि सामानाच्या रकान्यात शून्य. फ्रिज, कपाटं, गाद्या, कपडे, जळालेल्या एकाही वस्तूचा पैसा मिळाला नाही. इमारत आणि सामान हे विम्याचे दोन वेगळे भाग असतात आणि एक घेतला म्हणून दुसरा प्रत्येक पॉलिसीत आपोआप मिळतोच असं नाही.

पण खरा फटका बसला तो इमारतीच्या रकमेत, आणि हीच गोष्ट मला सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटते. हप्ता कमी दिसावा म्हणून त्याने विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चाच्या जेमतेम निम्मी टाकली होती. आग एका भागातच लागली होती. नुकसान विम्याच्या रकमेपेक्षा खूपच कमी, म्हणून ते पूर्ण भरून मिळेल असं आम्ही धरून चाललो होतो. तसं प्रत्येक वेळी होत नाही. काही पॉलिसींमध्ये सरासरीची अट असते, आमच्या पॉलिसीत ती होती: विमा 50 टक्के किमतीचा असेल, तर उरलेल्या 50 टक्क्यांचा धोका घरमालकाने स्वतःवर घेतला असं मानतात आणि प्रत्येक नुकसानीचे, मग ते एका खोलीचं का असेना, 50 टक्केच देतात. त्यातून घसारा, म्हणजे घर जुनं झाल्याने उतरलेली किंमत, गेला, कारण पॉलिसी नव्याने बांधून देण्याच्या तत्त्वावर नव्हती. वर प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची ठरलेली रक्कमही वजा झाली.

रक्कम ठरवताना जमिनीची किंमत धरायची नसते, हे खरं. जमीन जळत नाही. त्याच सबबीखाली त्याने आकडा हवा तेवढा खाली आणला. धरायचा असतो तो बांधकामाचा आजचा खर्च, आणि तो वाढत जातो, म्हणून दर नूतनीकरणाला पुन्हा तपासावा लागतो.

नंतर अपवादांची पानं नीट वाचली तेव्हा कळलं, ‘सगळं’ या शब्दाला पॉलिसीत जागाच नाही. पाइप अचानक फुटला तर बहुधा भरपाई मिळते. भिंतीत हळूहळू मुरलेली ओल, वाळवी, जुनाट वायरिंग यांची मिळत नाही. पूर आणि भूकंप कुठे मूळ पॉलिसीत असतात, कुठे वेगळे घ्यावे लागतात. चोरीत कुलूप-कडी तोडल्याची खूण बऱ्याचदा मागतात. दागिन्यांना वेगळी मर्यादा असते. घर बराच काळ बंद ठेवलं तर काही संरक्षण थांबू शकतं. यातलं एक अक्षर त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं.

आता त्याच्याविरुद्ध कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे. त्याच्या तोंडी आश्वासनांचा काही उपयोग नाही, पण "सामानासकट" असं लिहिलेला त्याचा एक मेसेज सापडला आणि तो तक्रारीला जोडला. तुमच्याकडे पॉलिसी असेल तर आजच कंपनीकडून भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत मागवा. तुम्ही सांगितलेलं आणि त्यात लिहिलेलं जुळतं का, सामानाच्या रकान्यात आकडा आहे का, भरपाई घसारा कापून मिळणार की न कापता, हे पाहा आणि शंका असेल ती कंपनीला लेखी विचारा. चूक निघाली तर दुरुस्ती करून घेता येते, पण ती पुढच्या काळासाठीच लागू होते. आधीच झालेल्या नुकसानीला नाही.