विंडोजशेजारी लिनक्स, की नुसतंच लिनक्स?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि चांगल्या चालत्या मशिनचं करायचं काय, हा प्रश्न अनेकांपुढे आला. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर, जायचं मनात असेल तर उबुंटू की मिंट या तिच्या दोन प्रकारांत निवड करण्यात आठवडा घालवू नका; नवख्यासाठी दोन्ही चांगली आहेत. खरं ठरवायचं ते हे: विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं, की सगळी डिस्क लिनक्सला द्यायची? मी दोन्ही केलंय, चुकाही दोन्हीकडे केल्यात.

डुअल बूटमध्ये, म्हणजे दोन्ही सिस्टिम शेजारी ठेवल्यावर, काम अडलं की रीस्टार्ट करून विंडोजमध्ये जाता येतं. तुमच्या नोकरीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर हाच मार्ग. मात्र एकाच डिस्कवर दोन सिस्टिम नांदतात, त्यामुळे इथल्या चुका महाग पडतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असताना बूटच्या, म्हणजे मशिन सुरू होण्याच्या, सेटिंगला हात लागला, तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही. मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवरच्या फाइली दिसतात, पण सेव्ह काही होत नाही. मी अख्खी संध्याकाळ फाइलींच्या परमिशन (कोणाला काय बदलता येईल ते) बदलत बसलो होतो. दोष परमिशनचा नव्हताच.

याहून मोठा तोटा सवयीचा. जरा अडलं की मी विंडोजमध्ये परतायचो, आणि लिनक्स महिनोन्‌महिने तसंच पडून राहायचं.

नुसतं लिनक्स ठेवल्यावर ती पळवाट उरली नाही आणि मी खरा शिकलो. उबुंटूवर 'जुनं' पायथन (एक प्रोग्रॅमिंगची भाषा) काढायची कमांड दिली. टर्मिनलनं (कमांड टाइप करायच्या खिडकीनं) काढल्या जाणाऱ्या पॅकेजची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांची, लांबलचक यादी दाखवली, त्यात डेस्कटॉपचंही नाव होतं. न वाचता मी 'वाय' (म्हणजे 'हो') दाबलं. रीस्टार्ट केल्यावर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ! पण तिथूनच लॉगिन करून, केबलनं इंटरनेट जोडून डेस्कटॉपचं पॅकेज पुन्हा टाकलं आणि सगळं परत आलं. माझी एकही फाइल गेली नव्हती. तेव्हापासून ती यादी मी ओळ न ओळ वाचतो.

व्हर्च्युअल मशिन, म्हणजे विंडोजच्या आत खिडकीत चालणारा नकली संगणक, हा तिसरा पर्याय. स्नॅपशॉट (त्या क्षणाची, परत आणता येणारी प्रत) घेऊन हवी तेवढी मोडतोड करा, पण तुमचं वायफाय किंवा प्रिंटर लिनक्सवर चालेल का, हे त्यात नीट कळत नाही. त्यासाठी लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) मशिन सुरू करा आणि आवाज, वायफाय, स्लीप तपासा.

माझं मत: जुना लॅपटॉप किंवा वेगळी एसएसडी असेल तर तिथे नुसतं लिनक्स टाका. एकच मशिन आणि त्यावरच पोट असेल तर डुअल बूट. मिंट घेतलंत तर पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट (सिस्टिमच्या प्रती ठेवणारं साधन) चालू करा. मात्र ते सिस्टिम परत आणतं; तुमचे फोटो आणि कागदपत्रं मूळ सेटिंगमध्ये त्यात येत नाहीत. म्हणून त्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती दुसऱ्या मशिनला लावून चारदोन फाइली उघडून पाहा, आणि मगच इन्स्टॉलरमधलं 'इरेज डिस्क' (सगळी डिस्क पुसणारा पर्याय) निवडा.