‘योजनेत तुमच्या यंत्राचा कोड लावून देतो’: पाच लाखांना पडलेली सल्लासेवा

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आम्ही दोघे मावसभाऊ वैद्यकीय उपकरणे बनवणारा एक छोटा कारखाना चालवतो. मधुमेही रुग्णांच्या पायाच्या लवकर न भरणाऱ्या जखमेवर नियंत्रित ऋण दाब देऊन तिच्यातील स्राव ओढून घेणारा छोटा पंप हे आमचे मुख्य उत्पादन आहे. या उपचाराला रुग्णालयांत सर्रास व्हॅक ड्रेसिंग म्हणतात. या पंपाचा खर्च शासकीय आरोग्य योजनेतून मिळवून देतो, त्यासाठी योजनेच्या यादीत पंपाच्या नावाने कोड, म्हणजे पैसे मिळण्यासाठीचा नोंद क्रमांक, लावून देतो असे सांगून एका सल्लागाराने आमच्याकडून एकूण 5 लाख 20 हजार 600 रुपये घेतले. तपास चालू असल्यामुळे त्याचे किंवा त्याच्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र तपशिलाने लिहितो, कारण पाटी बदलली तरी तीच पद्धत दुसऱ्या कोणावर वापरता येण्याजोगी आहे.

आम्ही गळाला का लागलो, हे आधी सांगायला हवे. 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उत्पादनाचा परवाना मिळवण्यात आमची बरीच शक्ती खर्च झाली होती आणि परवाना हाती आला की विक्री आपोआप सुरू होईल, अशी आमची भाबडी समजूत होती. शल्यचिकित्सकांना पंप आवडत होता, पण खरेदी विभागात गेलो की एकच प्रश्न समोर येई: योजनेतल्या रुग्णाला हा वापरला तर पैसे कोण देणार? उपकरण सुरक्षित आहे की नाही हे ठरवणारी यंत्रणा वेगळी आणि त्याचे पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवणारी वेगळी, हे आम्हाला तोपर्यंत नीट कळलेलेच नव्हते. परवान्याची कागदपत्रे पाठ असलेली आम्ही माणसे, पण रुग्णालयाचे बिल कसे तयार होते हे आम्ही कधी शेजारी बसून पाहिले नव्हते.

या काळात एका अनुभवी सल्लागार बाईंशी आमची तासभर चर्चा झाली होती. त्यांनी सांगितले, “तुमच्या ब्रँडला कोड वगैरे मिळणार नाही. पंप वापरल्याने ड्रेसिंग किती कमी वेळा बदलावे लागते आणि रुग्ण किती दिवस आधी घरी जातो, हे दोन-तीन रुग्णालयांत नोंदवून दाखवा. मग तेच घेतील.” हा सल्ला आम्हाला नीरस आणि वेळखाऊ वाटला. खरा सल्ला आधी मिळालेला असताना आम्ही तो बाजूला ठेवला, हे कबूल करताना आजही संकोच वाटतो.

त्यानंतर दोनच महिन्यांनी उद्योजकांच्या एका मेळाव्यात, सुरुवातीला ज्यांचा उल्लेख केला ते सल्लागार गृहस्थ भेटले. कॉलेज रोडवरच्या एका कॉफीच्या दुकानात दोन बैठका झाल्या. त्यांच्या बोलण्यात पॅकेज, डोसिअर, हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट (आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन) हे शब्द अगदी योग्य जागी येत होते आणि दिल्ली-मुंबईतल्या अधिकाऱ्यांचा उल्लेख ते आडनावाशिवाय, केवळ ‘साहेब’ असा करत होते. त्यांनी तीन गोष्टी कबूल केल्या: आमच्या पंपाचा मूल्यमापन अहवाल, राज्याच्या आणि केंद्राच्या योजनेत आमच्या पंपाच्या नावाने स्वतंत्र कोड, आणि पुढच्या टप्प्यात अमेरिकेतील परताव्याचा, म्हणजे विम्यातून पैसे मिळण्यासाठीचा कोड व तिथल्या एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे प्रमाणपत्र. शुल्क 4 लाख 80 हजार रुपये, अधिक जीएसटी, तीन समान हप्त्यांत. करारनामा मुद्रांक कागदावर झाला, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो.

पहिल्या दोन हप्त्यांचे 3 लाख 20 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि त्यातून आम्ही कापलेला 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर), असा हिशेब होऊन 3 लाख 45 हजार 600 रुपये गेले. दुसऱ्या हप्त्याच्या आधी अहवाल आला. तो चौसष्ट पानी, इंग्रजीत आणि सुबक बांधणीचा होता. आम्ही तो चाळला, वाचला मात्र नाही. पुढे नीट पाहिला तेव्हा त्यातला बराचसा मजकूर सरकारी संकेतस्थळांवरच्या कागदपत्रांतून जसाच्या तसा उचललेला होता आणि एका तक्त्यात आमच्या पंपाऐवजी कोणत्या तरी श्रवणयंत्राचा उल्लेख तसाच राहून गेला होता. त्यानंतर ‘समितीपुढील सादरीकरणाचे शासकीय शुल्क’ म्हणून 1 लाख 75 हजार रुपये त्यांनी मागितले, तेही संस्थेच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या बचत खात्यात. शासकीय शुल्कावर टीडीएस कापायचा नसतो, असे वर बजावले. शासनाचे शुल्क खासगी खात्यात कशाला भरायचे, हा प्रश्न माझ्या भावाने विचारला होता. मीच त्याला “मुदत टळेल” म्हणून गप्प केले.

तीन आठवड्यांनी ईमेलवर पत्र आले. वर राजमुद्रा, खाली सही-शिक्का, आणि मधोमध आमच्या पंपाच्या ब्रँडला ‘तत्त्वतः मान्यता’ दिल्याचा मजकूर व एक कोड. तिसरा हप्ता त्याच आठवड्यात द्यायचा होता. सुदैवाने, पैसे भरण्याआधी ते पत्र मिरवण्याचा मोह मला आवरला नाही आणि मी मुंबई नाक्याजवळच्या योजनेशी संलग्न असलेल्या एका रुग्णालयात ते घेऊन गेलो. तिथल्या आरोग्यमित्र, म्हणजे योजनेतल्या रुग्णांना मदत करणाऱ्या मुलीने पत्र दोनदा वाचले, संगणकावर उपचारांची यादी उघडली आणि म्हणाली, “सर, इथे कंपनीचं नाव टाकायला जागाच नाही. आम्ही ऑपरेशन निवडतो, यंत्र नाही.”

ते एक वाक्य मला चौसष्ट पानांपेक्षा जास्त शिकवून गेले, म्हणून त्याचा अर्थ थोडा सविस्तर मांडतो. 2018 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना असो किंवा तिच्याशी जोडलेली आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो, दोन्हींत पैसे मिळतात ते ठरावीक उपचाराच्या ठरावीक पॅकेजचे. केंद्राच्या 2022 च्या यादीत असे 1,949 उपचार आहेत. खाट, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, साहित्य आणि घरी गेल्यानंतरचे 15 दिवस, हे सारे त्या एका रकमेत बसवायचे असते. काही प्रत्यारोपित साहित्याचे दर वेगळे दिलेले असतात, पण तेही साहित्याच्या प्रकाराचे, कोणा उत्पादकाच्या ब्रँडचे नव्हे. म्हणजे आमचा पंप वापरला तर त्याचा खर्च रुग्णालयाच्या वाट्याच्या रकमेतून जाणार आणि म्हणून तो विकत घ्यायचा की नाही हे रुग्णालयच ठरवणार. ब्रँडच्या नावाचा कोड ही वस्तूच अस्तित्वात नाही. आम्ही ती हप्त्याने विकत घेत होतो.

बाकीच्या दोन आश्वासनांचेही तसेच निघाले. आपल्याकडे आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागांतर्गत 2017 पासून होते, परंतु त्यासाठीचे विषय केंद्र व राज्य सरकारांच्या खात्यांकडून येतात. कंपनीने मध्यस्थामार्फत पैसे भरून आपला पंप तिथे लावून घ्यावा, अशी ती खिडकी नाही. अमेरिकेत परताव्यासाठी वापरला जाणारा सीपीटी कोड तिथली डॉक्टरांची संघटना, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशन, ठरवते. तो डॉक्टरने केलेल्या कामाचा असतो आणि कोड असला म्हणजे विमा पैसे देतोच असे नाही. अमेरिकेच्या एफडीएकडे कारखान्याची नोंदणी होते हे खरे, पण त्या नोंदणीचे प्रमाणपत्र ती संस्था देत नाही आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, असे ती स्वतःच सांगते. सोनेरी कडांचे जे प्रमाणपत्र नमुना म्हणून आम्हाला दाखवले गेले होते, ते कोणत्याही छपाईच्या दुकानात तयार होऊ शकते.

रुग्णालयातून मी थेट शरणपूर रोडवर आमच्या सीएंकडे गेलो. त्यांनी बिल हातात घेऊन जीएसटी क्रमांकातल्या सहाव्या अक्षरावर बोट ठेवले. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्राचे 27) आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. त्या पॅनचे चौथे अक्षर कंपनीचे असेल तर ‘सी’ असते, व्यक्तीचे असेल तर ‘पी’. बिलावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलेले होते आणि सहावे अक्षर ‘पी’ होते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या नावाची कंपनी सापडली नाही. आम्ही भरलेल्या जीएसटीची नोंद विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणाऱ्या आमच्या 2बी विवरणातही दिसत नव्हती. दोन महिने ती दिसत नव्हती, पण रक्कम किरकोळ समजून आमच्याकडे कोणी विचारले नव्हते. ही सगळी तपासणी घरबसल्या, विनाशुल्क आणि दहा मिनिटांत झाली, याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटले.

सायबर आर्थिक फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर त्याच संध्याकाळी तक्रार केली. पैसे खात्यात असताना ते गोठवता यावेत यासाठी ही सोय असल्याने जितके लवकर कळवू तितके बरे. आम्हाला तीन आठवडे उशीर झाला होता आणि त्या बचत खात्यात फारसे काही उरले नव्हते. पोलिसांनी पहिला प्रश्न रास्तच विचारला: सल्ल्याचे काम झाले नाही, तर हा दिवाणी स्वरूपाचा वाद नाही का? करार आणि अहवाल एवढेच आमच्याकडे असते तर उत्तर देणे अवघड गेले असते, कारण काम निकृष्ट असणे आणि फसवणूक असणे यांत कायदा फरक करतो. बनावट पत्रामुळे आणि शासकीय शुल्क म्हणून खासगी खात्यात घेतलेल्या रकमेमुळे तक्रारीला वजन आले. मूळ ईमेल पुसून न टाकल्याचा उपयोग झाला. माझ्या भावाने त्याचे केवळ स्क्रीनशॉट ठेवले असते तर ते पत्र कोठून निघाले हे शोधणे कठीण झाले असते.

पैसे परत मिळतील अशी आशा मी आता धरत नाही. त्या सल्लागार बाईंकडे मात्र आम्ही पुन्हा गेलो. त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर न काढता दोन कोऱ्या तक्त्यांचे कागद दिले, आणि सध्या माझा भाऊ दर मंगळवारी दोन रुग्णालयांत जाऊन ड्रेसिंग बदलण्याच्या तारखा व रुग्णाच्या घरी जाण्याच्या तारखा उतरवून आणतो. एका रुग्णालयाने चार पंप भाड्याने घेतले आहेत. ब्रँडच्या नावाने ‘तत्त्वतः मान्यता’ देणारे असे पत्र आपल्यापैकी कोणाकडे आले असेल, तर तो ईमेल आहे तसा जपून ठेवावा आणि पुढचा हप्ता देण्याआधी जवळच्या संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला ते पत्र एकदा दाखवावे.