ल्हासा आप्सो की शिह त्झू?

या दोन छोट्या कुत्र्यांच्या जाती. दोघांची खांद्यापाशी उंची 25 ते 27 सेंटिमीटर, वजन 5 ते 8 किलोच्या आसपास, शेपटी पाठीवर वळलेली आणि डोळ्यांवर झिपऱ्या. दोन महिन्यांची पिल्लं शेजारी ठेवली तर विकणाऱ्याचीही गफलत होते. दोघांच्या संकराला गिऱ्हाईक मागेल ते नाव चिकटवणारेही कमी नाहीत. पिल्लू वर्षाचं झालं की फरक आपोआप कळतो. बेल वाजली की ल्हासा दाराशी धावतो आणि आलेला माणूस कोण हे ठरेपर्यंत गप्प बसत नाही. शिह त्झू त्याच पाहुण्याच्या मांडीवर चढायच्या तयारीत असतो. तेव्हा निवड करताना रंग आणि केसांपेक्षा आपल्या दाराशी दिवसभरात किती माणसं येतात, याचा विचार आधी करावा.

या स्वभावांचं मूळ दोघांच्या कामात आहे. तिबेटी मठांत आणि सरदारांच्या वाड्यांत बाहेर साखळीला भलाथोरला तिबेटी मॅस्टिफ असे आणि आत ल्हासा. अनोळखी पाऊल वाजलं की आतून भुंकून सगळ्यांना जागं करायचं, एवढीच त्याची नोकरी. लढायचं काम मोठ्याचं. त्यामुळे कान तिखट, माणसं पारखायची सवय आणि स्वतः निर्णय घेण्याचा हट्ट हे गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकले. हे कुत्रे विकत नसत, भेट देत. मेलेल्या लामांचे आत्मे ल्हासात येतात ही कथा विक्रेते हमखास सांगतात. ऐकायला छान आहे, किंमत वाढवायलाही.

तिबेटातून असेच भेट म्हणून चीनच्या दरबारी गेलेले छोटे कुत्रे शिह त्झूचे पूर्वज मानले जातात. शिह त्झू म्हणजे सिंह. राजवाड्यात पहारा द्यायला माणसं होतीच. या कुत्र्याने फक्त लाडकं असायचं होतं. चपट्या तोंडाच्या पेकिंगीज या चिनी जातीशी तिथे त्याचा संकर झाला असावा, असं बहुतेक जाणकार मानतात. 1908 मध्ये सम्राज्ञी त्सशी वारल्यावर दरबारातली ही पैदास विस्कटली आणि पुढे चीनमधून हा कुत्रा जवळजवळ नाहीसा झाला. आज जगभर दिसणारे शिह त्झू बाहेर नेलेल्या जेमतेम 14 कुत्र्यांपासून आले, असं सांगितलं जातं. इतक्या थोड्या पूर्वजांमुळे आनुवंशिक आजारांचा प्रश्न या जातीत कायम डोकावतो.

पश्चिमेकडे गेल्यावरही गोंधळ झालाच. सिक्कीममधले ब्रिटिश पोलिटिकल ऑफिसर बेली यांनी 1928 मध्ये आपले ल्हासा इंग्लंडला नेले, आणि 1930 मध्ये ब्राउनरिग दांपत्याने चीनमधून शिह त्झू आणले. काही काळ दोन्ही एकाच नावाखाली प्रदर्शनात उतरत. शेजारी शेजारी उभे राहिल्यावर कवटी, मुसकट आणि पाय वेगळे आहेत हे दिसलं, आणि 1934 च्या सुमारास तिथल्या श्वानप्रेमींच्या क्लबने दोघांना वेगळं केलं. अमेरिकेत तेराव्या दलाई लामांनी कटिंग दांपत्याला दिलेली जोडी 1933 मध्ये पोचली. ल्हासाला तिथे 1935 मध्ये मान्यता मिळाली, शिह त्झूला थेट 1969 मध्ये. तिथे शिह त्झू टॉय, म्हणजे मांडीवरच्या छोट्या कुत्र्यांच्या गटात आहे, ल्हासा नाही. एफसीआय ही आंतरराष्ट्रीय श्वान संघटना मात्र दोघांनाही नवव्या गटात, तिबेटी जातींत धरते.

आता पिल्लू हातात घेऊन ओळखायची रीत. ओल्या हाताने चेहऱ्यावरचे केस मागे दाबा आणि बाजूने बघा. शिह त्झूची कवटी रुंद, गोल. डोळे मोठे, गोल, एकमेकांपासून लांब. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यात नाकाच्या टोकापासून कपाळाच्या खाचेपर्यंत जेमतेम 2.5 सेंटिमीटर. नाकावरचे केस वर उगवतात, म्हणून तोंड शेवंतीच्या फुलासारखं दिसतं. ल्हासाची कवटी अरुंद, डोळे लांबट आणि मध्यम, मुसकट सुमारे 4 सेंटिमीटर, आणि अंग उंचीपेक्षा लांब. केसाचा पोतही वेगळा: ल्हासाचा जड, सरळ, हाताला राठ, शिह त्झूचा मऊ, किंचित लाटदार चालतो.

तो दीड सेंटिमीटरचा फरक आपल्या हवेत फार महाग पडतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, तोंड-नाकातल्या ओल्या पृष्ठभागावरून तो उष्णता बाहेर टाकतो. मुसकट आखूड म्हणजे तो पृष्ठभाग कमी, त्यातच नाकपुड्या बारीक आणि टाळूचा मऊ भाग लांब असला तर श्वासच अडतो. नागपूर, अकोला, जळगावचा मे महिना शिह त्झूसाठी एसीशिवाय काढणं धोक्याचं आहे. मुंबई-पणजीत पारा कमी असला तरी दमट हवेत धापांनी गारवा मिळत नाही, त्यामुळे निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. ल्हासाही थंड मुलखाचाच, पण त्याला थोडी सवलत मिळते. दोघांनाही उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच फिरवावं. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पायही टेकवू नयेत. घोगरी धाप, दाट लाळ, जीभ गडद लाल किंवा निळसर झाली तर आधी नळाचं गार पाणी अंगावर, पोटावर ओता, पंखा लावा आणि मग डॉक्टरकडे धावा. रस्त्यात गेलेली पंधरा मिनिटं जीव घेऊ शकतात. बदलीची नोकरी असेल किंवा परदेशी जायचं घाटत असेल तर हेही माहीत असू द्या: चपट्या तोंडाच्या जातींना अनेक विमान कंपन्या सामानाच्या कक्षातून नेतच नाहीत, आणि त्यांच्या यादीत कधीकधी ल्हासाचंही नाव असतं.

शिह त्झूचे डोळे हा दुसरा नाजूक भाग. खोबण उथळ असल्याने मानगूट धरून उचललं किंवा गळ्याच्या पट्ट्याला जोरात हिसका बसला तर बुबुळ बाहेर येऊ शकतं. म्हणून छातीचा हार्नेसच वापरा. केस डोळ्यात टोचून जखमा होतात. शेंडी बांधा नाहीतर छाटा. ल्हासात डोळा कोरडा पडणं आणि वयानुसार दृष्टिपटल झिजणं जास्त दिसतं. मूत्रपिंड जन्मतःच नीट न वाढणं मात्र दोघांतही आढळतं: पिल्लू सारखं पाणी पितं, अंग धरत नाही आणि कधीकधी दोन वर्षांच्या आतच मूत्रपिंडं थांबतात. ‘टीकप’ किंवा ‘इम्पिरियल’ असं काही जातीच्या मानकात नाही. त्या नावाने विकलं जाणारं पिल्लू कित्येकदा एका वेतातलं सर्वांत अशक्त असतं आणि त्याची रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरते. मूतखड्याची प्रवृत्तीही दोघांना. लघवीत रक्त दिसणं किंवा नराने वारंवार पाय वर करूनही थेंब न येणं, हे रात्रीही डॉक्टरला उठवण्याचं कारण आहे. गुडघ्याची वाटी सरकते म्हणून सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका.

केसांत दोघांनाही सारखाच वेळ जातो आणि इथेच हौस संपते. रोज 15 मिनिटं. थोड्या कंडिशनरचं पाणी फवारायचं, केसांचा थर वर उचलून खालून एकेक बारीक ओळ पिन ब्रशने सोडवायची, मग स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत फिरवायचा. वरवर ब्रश फिरवला की वर रेशीम आणि आत जटा. गाठी कानामागे, काखेत, हार्नेसखाली होतात. त्या सोडवल्याशिवाय आंघोळ घालू नका, कारण पाण्याने त्या आणखी आवळतात. नऊ महिने ते वर्षाच्या दरम्यान पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात तेव्हा गाठी दुप्पट होतात. बरेच जण याच काळात वैतागून केस पार भादरतात. त्याऐवजी दर पाच-सहा आठवड्यांनी दीड-दोन सेंटिमीटर ठेवून कापा. पावसाळ्यात ओल्या केसांत बुरशी आणि गोचीड दोन्ही लपतात. गोचीडताप महाराष्ट्रात नित्याचा, म्हणून फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कानाच्या आत बघायचंच.

शिकवणीत दोघेही चटकन हुकूम मानणारे नाहीत, पण कारणं निराळी. ल्हासाला समजतं, तो करायचं की नाही हे ठरवतो. ओरडलात तर गुरगुरायला शिकतो. चार ते सहा महिन्यांच्या आत लिफ्ट, दूधवाला, छत्री, वॉचमन, सगळं खाऊ देत दाखवून ठेवलं नाही तर पुढे प्रत्येक पार्सलवाल्याला तो चोर समजेल. शिह त्झू रागावत नाही, पण शी-शूची जागा शिकायला त्याला कधी आठ-दहा महिनेही लागतात. जेवल्यावर, झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर ठरलेल्या जागी न्यायचं आणि तिथेच बक्षीस द्यायचं. चुकल्यावर नाक घासण्याने तो फक्त लपून करायला शिकतो.

6 किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 100 ग्रॅम कोरडं खाणं दोन वेळांत पुरतं. शिह त्झू लठ्ठ झाला की श्वास आणखी अडतो. आपल्या स्वयंपाकघरातला खरा धोका कांदा-लसणाचा. फोडणीचं वरण, रस्सा, बेदाणे घातलेला शिरा, यातलं काही नको.

घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर शिह त्झू. मूल झिपऱ्या ओढतं, तो सोसतो. ल्हासा एकदा सोसतो. आजी-आजोबा दिवसभर घरी असतील, पाहुण्यांची वर्दळ असेल, तरीही शिह त्झू. नवरा-बायको दोघेही नोकरीला आणि घर नऊ तास बंद असेल तर खरं म्हणजे दोन्ही नकोत. ल्हासा एकटेपणा जरा बरा काढतो, पण पातळ भिंतींच्या इमारतीत जिन्यातल्या प्रत्येक पावलाची बातमी तो शेजाऱ्यांना देत राहील. विदर्भ-मराठवाड्यात, एसी नसलेल्या घरात, मोठं मूल किंवा फक्त मोठी माणसं असतील तर ल्हासाकडे झुकावं.

घ्यायला जाल तेव्हा आई बघा आणि ती अनोळखी माणसाशी कशी वागते तेही. झोपलेल्या पिल्लाचा श्वास ऐका. घोरणं गोड वाटतं, पण नाकपुड्या चिरेसारख्या मिटलेल्या असतील तर ते पिल्लू सोडा. आई-वडिलांच्या मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा कागद मागा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयीच्या 2017 च्या नियमांनुसार बंदी आहे; पस्तीस दिवसांचं हातात देणाऱ्याकडून ल्हासाही घेऊ नका, शिह त्झूही नको.