ट्रेकच्या पिशवीत कुठला चाकू: क्लिप पॉइंट, ड्रॉप पॉइंट की शीप्सफूट?

भाचा घरी आला तो चाकू घ्यायचं पक्कं करूनच. "मामा, स्टील कुठलं ते माझं ठरलंय. पात्याचा आकार तेवढा तू सांग." त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. तिन्ही आकार मी वापरलेत. त्यातले दोन आता ट्रेकला सोबत येत नाहीत.

क्लिप पॉइंट मी सर्वांत जास्त वर्षं वापरला. पाठीचा, म्हणजे धारेच्या उलट बाजूचा, पुढचा भाग खरवडून काढल्यासारखा, त्यामुळे टोक बारीक आणि वर उचललेलं. दिसायला तिघांत हाच देखणा, हे मी आजही म्हणेन. पट्ट्याला नवीन भोक पाडायचं असो की जाड कापडाची शिवण उसवायची असो, त्या टोकाला तोड नाही.

त्याच टोकाने माझा घात केला. आमचं घर ठाण्यात कोलशेतला, सर्वांत वरच्या मजल्यावर. मे संपत आला की गच्चीवर ताडपत्री चढते. त्या वर्षी दोरी ताणून बांधली होती आणि गाठीपाशी उरलेलं टोक कापायचं होतं. नायलॉनची दोरी पटकन तुटत नाही. आपण जोर वाढवत जातो, आणि ती तुटते ती एकदम. हात पुढे गेला आणि टोक थेट ताडपत्रीत घुसलं. चीर दोन बोटांएवढीच होती, चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली. पण जुलैतल्या वाऱ्याने ती चीर हातभर फाडली आणि बेडरूमच्या छताला ओल धरली ती गणपतीपर्यंत. पुढे हिवाळ्यात माहुली गडाच्या पायथ्याशी तंबूची दोरी कापतानाही तसंच झालं. तंबूच्या वरच्या कापडाला भोक पडलं. दोन्ही वेळा धार उत्तम होती आणि मी घाईतही नव्हतो. दोरी तुटल्यावर टोक कुठे जाणार हे आपल्या हातात राहत नाही, एवढंच मला त्यातून कळलं. ट्रेकवर दोरीच्या मागे नेहमी काही ना काही असतंच: तंबू, सॅक, रेनकोट, नाहीतर सोबत्याचा गुडघा.

मग ड्रॉप पॉइंट घेतला. बहुतेक जण हाच सुचवतात आणि ते चुकीचं सांगतात असं मी म्हणणार नाही. पाठ हलक्या उताराने खाली येते, टोक जाड आणि मजबूत राहतं, सहसा मोडत नाही. धारेला पुढे चांगला फुगीर बाक असतो. पण हा आकार नावाजला तो शिकाऱ्यांमुळे. खाली आलेलं टोक जनावर सोलताना आतड्यात शिरत नाही, आणि बाकामुळे कातडं सरसर सुटतं. आपल्याकडे शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्यानेच बंदी आहे. परदेशी व्हिडिओत पात्यावर दांडकं हाणून ओंडके फोडतात, तेही इथे लागू नाही. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे फांदीलाही हात लावायचा नसतो. मग आपल्या वाट्याला उरतं काय? दोरी, पाकिटं, काकडी-टोमॅटो, चिकटपट्टी, क्वचित बुटाची नाडी. यातल्या दोरीला तो बाक उलट आडवा येतो. ओढत कापायला गेलं की दोरी बाकावरून टोकाकडे घसरते.

शीप्सफूटची धार सरळ रेषेत असते आणि पाठ पुढे वळून तिला येऊन मिळते. टोचेल असं टोक जवळजवळ नाहीच. मेंढ्यांचे खूर तासायला हा आकार वापरायचे, नाव त्यावरूनच आलं असं सांगतात. पुढे तो जहाजांवर रुळला. हलत्या डेकवर दोरखंड कापताना शिडाला किंवा माणसाला टोचू नये, हे त्याचं कारण. कयाक चालवणारेही बोथट टोकाचे चाकू बाळगतात ते याचसाठी. माझ्या ताडपत्रीचं दुखणं खलाशांना फार आधीच ठाऊक होतं, असं मला वाटतं.

सरळ धारेत दोरी अडकून राहते आणि मुळापासून टोकापर्यंत सगळं पातं कामी येतं. डब्याच्या सपाट झाकणावर काकडी अगदी पातळ चिरता येते. धार लावणंही सोपं. निसण्यावर पातं टेकवायचं आणि कोन न बदलता सरळ ओढायचं. बाकदार पात्याला टोकाकडे जाताना मूठ हळूहळू उचलावी लागते. ते मला कधीच नीट साधलं नाही, टोकाजवळची दोन बोटं कायम बोथट राहायची.

उणिवा आहेत, त्या लपवत नाही. भोक पाडायला हा निरुपयोगी. करवंदीचा काटा रुतला तर याने निघत नाही, मी सॅकमध्ये छोटा चिमटा ठेवतो. स्टीलच्या खोलगट ताटात कापलं तर फक्त पुढचा कोपरा घासतो आणि तिथली धार आधी जाते. दुकानात पर्यायही कमी मिळतात. तुमचा चाकू मुख्यतः शेतावर किंवा मासेमारीला जाणार असेल, तर माझं ऐकू नका, ड्रॉप पॉइंट घ्या.

भाच्याने शीप्सफूट हातात घेऊन आधी नाक मुरडलं. "मामा, हा तर भाजीचा चाकू वाटतो." मी त्याला गॅलरीत नेलं, जुन्या सॅकवर नायलॉनची दोरी ताणून बांधली आणि तिन्ही चाकू पुढ्यात ठेवले. क्लिप पॉइंटने त्याने सॅकला भोक पाडलं. शीप्सफूटने दोरी तुटली तेव्हा पात्याची बोथट पाठ कापडावर नुसती आपटली. तो काही बोलला नाही, पण जाताना चाकू मागून घेऊन गेला. मी दुसरा मागवलाय. क्लिप पॉइंट हल्ली आमच्या ओट्यावर असतो, बांगड्याचं पोट फाडायला त्याच्यासारखा दुसरा नाही.