आइसमेकरची नळी गळतेय: जोड बदलावा, नळी बदलावी की लाइनच बंद करावी?

गुहागरहून परतल्यावर आमचं मोटारहोम तीन आठवडे बोरिवलीला उभं होतं. जुलैचे दिवस. दार उघडल्यावर कुबट वास आला, तो पावसाचाच असेल असं वाटलं. फ्रिजखालची जाळी काढली तेव्हा प्लायवूड काळं पडलेलं होतं. बोटाने दाबलं तर वरचा थर ओल्या पुठ्ठ्यासारखा सुटून हातात आला. वर पाहिलं तर आइसमेकरला, म्हणजे फ्रिजमधल्या आपोआप बर्फ बनवणाऱ्या यंत्राला, पाणी नेणाऱ्या पाव इंची नळीच्या जोडाला एक थेंब लोंबत होता. तो पडला आणि काही सेकंदांत दुसरा तयार झाला.

मुंबईत अशा गाड्या मोजक्याच. फिल्म सिटीबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या व्हॅनिटी व्हॅन, आणि आमच्यासारखी बसच्या चासीवर घर बांधून घेतलेली काही कुटुंबं. पण फ्रिज ज्यात आहे आणि बर्फाला स्वतंत्र पाण्याची लाइन आहे, त्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. जोड बदलून भागेल, की अख्खी नळी बदलायची, आणि बदलायची तर कसली?

आधी खात्री करून घ्या की गळतं ते नळीचंच आहे. गाडीतले सगळे नळ बंद करा, टाकीतलं पाणी नळांना देणारा पंप चालू ठेवा आणि गप्प बसून ऐका. 12 व्होल्टचा पंप प्रेशर भरलं की आपोआप थांबतो. कुणी नळ न उघडता तो दर काही मिनिटांनी घरघरला, तर पाणी कुठेतरी जातंय. आता आइसमेकरचा कॉक बंद करा. घरघर थांबली तर दोष कॉकच्या पुढे आहे. मग प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरचा तुकडा गुंडाळा, कॉक उघडा आणि दहा मिनिटांनी बघा. बोटाला न कळणारी ओल टिश्यूवर लगेच दिसते. सगळे टिश्यू कोरडे आणि तरी फ्रिजखाली पाणी, असं असेल तर फ्रिजची स्वतःची निचऱ्याची नळी तुंबलेली असू शकते. आणि बर्फाच्या डब्यात सुटे खडे न पडता सगळ्याचा मिळून एकच गोळा होत असेल, तर पाणी सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडमीट होणारी झडप) नीट मिटत नसण्याची शक्यता जास्त. या दोन्ही दुखण्यांत नवी नळी टाकून काहीच साधणार नाही.

गळती जोडालाच असेल तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे तेवढा जोड बदलणं. हे आपल्याकडच्या आरओ फिल्टरवाल्या माणसाचं रोजचं काम आहे, कारण आरओची नळीही पाव इंचीच असते. पंप बंद करा, नळ उघडून प्रेशर सोडा, जोडावरची छोटी निळी क्लिप काढा, कॉलर (जोडाच्या तोंडाची कडी) आत दाबून नळी ओढा. नळीच्या टोकाकडे उजेडात बघा. जोडाच्या दातांनी तिथे गोल चरे पाडलेले असतात. ती नळी तशीच परत खुपसली तर रबरी रिंग नेमकी चऱ्यांवर बसते आणि पाणी पुन्हा झिरपतं. म्हणून इंचभर कापून टाका. कात्रीने कापलं तर नळी चेपते आणि टोक तिरपं होतं, तेव्हा कटर किंवा नवं ब्लेड घ्या. जोडात किती आत जायला हवी तिथे आधी पेनाने खूण करा आणि खूण दिसेनाशी होईपर्यंत दाबा. एम-सील लावून गळती थांबवायचा सल्ला मला दोघांनी दिला. चालत्या गाडीत ते टिकत नाही. नळी हलते, एम-सील कडक राहतं आणि कडेने भेग पडते.

मात्र जोड बदलणं तेव्हाच पुरेसं, जेव्हा बाकीची नळी मऊ आणि शाबूत आहे. फ्रिजमागे हात घालून ती हलकेच वाकवून बघा. पांढुरकी रेघ उमटली किंवा नळी कडक लागली, तर आज जोड बदलाल आणि दिवाळीत दुसरीकडे गळेल. बाहेरच्या जाळीतून ऊन थेट पडत असेल तर पांढरी नळी आणखी लवकर कडक होते. काळी नळी उन्हात जास्त टिकते.

अख्खी नळी त्याच जातीची, म्हणजे खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लास्टिकची टाकायची, तर सामान आरओच्या कुठल्याही दुकानात मिळतं आणि खर्च काही शेकड्यांच्या पुढे जात नाही. वाकते चांगली, हलकी असते, महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात अडलात तरी असलीच नळी सापडण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. तिचे शत्रू दोन. पहिला, घासणं. पत्र्याच्या किंवा प्लायच्या भोकातून नळी जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी कडी, नसेल तर मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे तिला करवतीसारखे कापतात. दुसरा, उंदीर. मुंबईत रस्त्याकडेला उभ्या गाडीची वायर कुरतडली गेली नाही असा गाडीवाला विरळाच, आणि पाण्याच्या नळीला तर ते तहानेनेही तोंड लावतात. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर आणखी एक पथ्य पाळा. मागच्या कप्प्यात बर्नर आणि धुराडं असतं, त्याच्या जवळून प्लास्टिक नेऊच नका.

स्टीलची जाळी विणलेली नळी या दोन्ही शत्रूंना पुरून उरते. किंमत प्लास्टिकच्या कितीतरी पट, पण फ्रिजमागच्या शेवटच्या मीटरभरात मी तीच वापरीन, आणि तीच वापरली. सगळी हालचाल तिथेच होते. फ्रिज डुलतो, साफसफाईला पुढे ओढला जातो, परत ढकलताना नळी चेपते. जाळीची नळी हे सोसते. तिची खरी अडचण आट्यांची आहे. आपल्याकडे नळाचे आटे बहुधा अर्धा इंची असतात, तर फ्रिजच्या व्हॉल्व्हचं तोंड पाव इंची किंवा पाऊण इंची असू शकतं. जुना नट खिशात घालून नागदेवी स्ट्रीटला जा आणि दुकानात तो लावूनच बघा. फोटोवरून घेतलेला अडॅप्टर मला परत करावा लागला होता. नटाच्या आत रबरी वायसर असेल तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. पाणी वायसर अडवतो. टेपमुळे नट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि वायसर मात्र नीट दाबलाच जात नाही. हाताने पूर्ण आवळा, मग पान्याने पाव फेरा, बस. एक मात्र ध्यानात ठेवा, जाळीच्या आतली नळी म्हातारी झालेली बाहेरून दिसत नाही. समुद्राच्या हवेत जाळीवर गंजाचे ठिपके आले की ती बदलायची.

तांब्याची नळी सुचवणारे भेटतील. घरात ती उत्तम. गाडीत सततच्या कंपनाने तांबं कडक होत जातं आणि जोडाजवळ तडकतं, म्हणून मी तिचा विचार केला नाही.

आता तो पर्याय, ज्याकडे लोक बघतच नाहीत: लाइन बंदच करून टाकणं. वर्षातल्या किती दिवशी तुम्हाला आइसमेकरचा बर्फ लागतो, हे एकदा बोटांवर मोजा. सहा-आठ वीकेंड असतील तर दोन साधे ट्रे पुरतात. बर्फ विकत घेत असाल तर एवढंच बघा, महाराष्ट्रात 2018 पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे, तेव्हा निळसर लादी सरबताच्या जवळही आणू नका. लाइन बंद करताना बूच फ्रिजपाशी नको, पंपाजवळ जिथून फाटा निघतो तिथे मारा. नाहीतर मधल्या नळीत पाणी साचून राहतं आणि पुढे त्याचा वास टाकीच्या पाण्याला लागतो. आइसमेकरचं बटणही बंद करा, नाहीतर व्हॉल्व्ह पाण्याविना उघडत राहून तापतो. ज्यांची गाडी शूटिंगला रोज लागते त्यांना हा पर्याय जमणार नाही. आमच्या धाकट्या आत्यांनी मात्र त्यांच्या गाडीत हेच केलं आणि त्यांना एकदाही उणीव भासली नाही.

आमच्या घरी उन्हाळ्यात बाबांना औषधांसाठी बर्फाची पेटी भरून ठेवावी लागते, म्हणून लाइन ठेवली. पंपापासून फ्रिजपर्यंत काळं प्लास्टिक, प्रत्येक भोकात ग्रोमेट, शेवटी जाळीची नळी तिला एक सैल वळण देऊन, आणि कॉक फ्रिजमागून काढून सिंकखाली, हात पोचेल असा. गाडी उभी करताना तो कॉक आता आम्ही बंद करतो. काळं पडलेलं प्लाय कापून काढलं आणि खालची चौकट आठवडाभर पंख्यासमोर सुकवूनच नवं बसवलं. ओल्यावर नवं ठोकलं असतं तर बुरशी आतून परत आली असती.

काम झाल्यावर पहिल्या दोन खेपांचा बर्फ फेकून द्या, नव्या नळीची चव त्यात उतरते. जोडांवरचे टिश्यू मात्र काढू नका. पार्किंगमध्ये कोरडा राहिलेला जोड रस्त्यावर गळू शकतो. पहिला घाट उतरलात की चहाला थांबाल तेव्हा फ्रिजखालची जाळी काढा आणि टिश्यू बोटाने चाचपून बघा.